दोन गाड्यांच्या मधली गाणी

इंदुअक्का गेल्याचं मला त्यांच्या यजमानांनी, रामरावांनी, ऑफिसच्या फोनवर सांगितलं. "अविनाश, तुझी अक्का गेली रे सकाळी. चहा प्याली, कप खाली ठेवला आणि गेली." मग सवयीप्रमाणे त्यांनी विचारलं, "आवाज येतोय ना नीट?" बायको तीस वर्षं टेलिफोनच्या कारखान्यात असल्यामुळे फोनवर बोलताना हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारायचे. मी "येतोय" म्हटलं. पलीकडून रामरावांच्या घरामागून जाणाऱ्या मालगाडीचा आवाज येत होता.

त्याला आता पाच आठवडे झाले. अक्कांबद्दल लिहायचं तर पहिली अडचण अशी, की त्यांची ओळख एका वाक्यात सांगितली तर कुणी विश्वास ठेवत नाही. पन्नाशी उलटलेली, नऊवारी नसली तरी पाचवारीला टाचणी न लावता वावरणारी, सरकारी कारखान्यातली एक मराठी बाई बेंगळुरूमधल्या अनोळखी रॉक बँडची गाणी शोधून काढायची आणि दर डिसेंबरला त्या वर्षातल्या उत्तम गाण्यांची एक कॅसेट तयार करायची. अट एकच. गाणं गाणाऱ्याचं स्वतःचं हवं, आणि त्याची कॅसेट कुठल्याच दुकानात मिळत नसायला हवी. असल्या संगीताला हल्ली 'इंडी रॉक' असं भारदस्त नाव आहे म्हणे. अक्का नुसतं "आपल्या पोरांचं" म्हणायच्या. त्यातली निम्मी 'पोरं' तिशी ओलांडलेली होती, मी धरून.

अक्कांचं माहेर तीन पिढ्यांपासून बेंगळुरूचं. घरात मराठी बोलत, पण कन्नडमधले 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे शब्द आल्याशिवाय त्यांचं एक वाक्य पुरं व्हायचं नाही. कारखान्यात त्या तपासणी विभागात होत्या. पलीकडच्या खोलीत बसलेली एक बाई सुट्या सुट्या शब्दांची यादी वाचायची, आणि अक्का नवा रिसीव्हर कानाला लावून ते शब्द ऐकायच्या. शब्द स्वच्छ आला तर पास, खरखर असेल तर दुरुस्ती, नाहीतर नापास. मग रिसीव्हरला दोऱ्याने एक खाकी चिठ्ठी बांधायची, खाली सही. असे रोजचे कितीतरी रिसीव्हर, तीस वर्षं. अशा बाईच्या कानाचं काय होईल, ते मी पुढे सांगणारच आहे.

के. आर. पुरमला रुळांना लागूनच त्यांचं घर होतं. मागे पत्र्याची शेड. निवृत्तीनंतर लेथ टाकायची म्हणून रामरावांनी ती बांधली होती. लेथ काही आली नाही, ड्रम मात्र आले. कॉलेजात शिकणाऱ्या चौघांना वाजवायला जागा हवी होती. गावात सगळीकडे शेजारी ओरडायचे, इथे गाड्यांमुळे शेजाऱ्यांचे कान आधीच तयार झालेले होते. पहिल्या रविवारी त्यांच्या अँप्लिफायरमधून सतत एक हूं निघत होती. अक्का स्वयंपाकघरात होत्या. तासभर त्यांनी कळ काढली, मग हात पुसत शेडमध्ये गेल्या, अर्थिंगची सुटलेली वायर दाखवली आणि स्वतःच जोडली. हूं थांबली. पोरांनी खूश होऊन एक परदेशी गाणं वाजवून दाखवलं. अक्कांनी विचारलं, "हे कुणाचं?" पोरांनी सांगितलं. "आणि तुमचं कुठलं?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक होतं, पण ते अजून कच्चं होतं. "सरी, तेच वाजवा," अक्का म्हणाल्या. त्या वर्षाच्या कॅसेटवर ते पहिलं गाणं होतं. ही सगळी हकिकत मला रामरावांनी सांगितली. अक्का स्वतःबद्दल फारसं बोलत नसत.

मी पुण्याहून ब्याण्णव साली सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलो. सोबत गिटार होती आणि त्याहून मोठा गैरसमज होता, की आपल्याला गाणी लिहिता येतात. जे. पी. नगरला खोली घेतली. ऑफिसातल्या दोघांना घेऊन बँड काढला. त्याचं नाव आम्ही दर महिन्याला बदलायचो, गाणं मात्र एकच होतं. कुणीतरी या बाईंबद्दल सांगितलं, तेव्हा हसून घेऊन, दोन बस बदलून मी के. आर. पुरमला गेलो.

शेडमध्ये भिंतीवर कांबळी टांगलेली, मधोमध टेबल, टेबलावर दोन कॅसेटचा टेपरेकॉर्डर, आणि भिंतीवर रेल्वेचं वेळापत्रक. रेकॉर्डिंग दोन गाड्यांच्या मधे करायचं हा तिथला नियम. "नऊ बावीसची गेली की मालगाडी येईपर्यंत पाच मिनिटं मिळतात. आटप," असं अक्का सांगायच्या. त्या शेडमधल्या गाण्यांना लांबलचक सुरुवाती का नसत, याचं कारण हे एवढंच. गाडी दिसायच्या कितीतरी आधी त्यांना कळायची. गाणं चालू असताना त्यांचा हात वर गेला, की आम्ही थांबायचो, आणि मग मिनिटभराने आम्हाला शिटी ऐकू यायची.

माझं गाणं एका लांबच लांब महामार्गाबद्दल होतं. इंग्रजीत. वाळवंट होतं, पेट्रोलपंप होता, मागे राहिलेली प्रेयसी होती. अक्कांनी एक कान हाताने बंद करून ते शेवटपर्यंत ऐकलं.

"गेलायस का कधी या रस्त्याने?"

"नाही."

"आमच्या पलीकडच्या खोलीतली बाई शब्द अगदी स्वच्छ म्हणायची. पण तिला त्या शब्दांशी काही देणंघेणं नसायचं, यादी वाचायची ती. तू तसंच गातोस. वाचतोयस तू, बोलत नाहीस. नापास." आणि लगेच, "चित्रान्न केलंय, खाऊन जा."

मी अँप्लिफायरला दोष दिला, माईकला दिला, ड्रमवाल्याला तर फारच दिला. नाचता येईना अंगण वाकडं. पण ते चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, खाल्लं आणि पुढच्या रविवारी परत गेलो. पुढच्या वर्षी वाळवंट काढून पुणे-बेंगळुरू बस घातली. नापास. तिसऱ्या वर्षी प्रेयसीही काढली. "सुधारणा आहे," अक्का म्हणाल्या, "पण नापास." या तीन वर्षांत मला ऑफिसात दोन बढत्या मिळाल्या, आणि खरं सांगतो, त्यांचं मला काहीच वाटलं नाही. कॅसेटवर घेतलेल्या गाण्याला अक्का कारखान्यातल्यासारखीच खाकी चिठ्ठी द्यायच्या, मला ती हवी होती. त्यावर 'पास' आणि खाली त्यांची बारीक, तिरकी सही. ज्यांना मिळायची ते ती गिटारच्या मानेला बांधून हिंडायचे, आणि मी त्यांच्याशी हसून बोलायचो तेव्हा माझे दात दुखायचे.

नापास करत, तरी अक्का मला बरोबर न्यायच्या. रविवारी दुपारी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून आम्ही गाणी शोधायला निघायचो. कुणाच्या तरी भाच्याने, कुणाच्या तरी कंडक्टरने सांगितलेलं असायचं की अमुक ठिकाणी एकजण गातो. दहातल्या आठ वेळा भजनी मंडळ निघायचं. जे. पी. नगरला एक मुलगी स्वतःची गाणी गाते असं कळलं, म्हणून पत्ता शोधत गेलो, तर ती माझ्याच गल्लीत, दोन घरं सोडून राहत होती. दवाखान्यात नर्स होती. वर्षभर माझ्या कानावरून तिचा आवाज गेला होता आणि मी तो बादलीच्या आवाजात जमा केला होता. कारण ती फक्त न्हाणीघरात गायची. तिथेच आवाज घुमतो, बाहेर घुमत नाही, असं तिचं म्हणणं. अक्कांना ते तात्काळ पटलं. त्या पालथ्या बादलीवर बसल्या, मी दाराबाहेर वायर धरून उभा राहिलो. घरमालकीण माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी अजून विसरलेलो नाही. "काखेत कळसा रे तुझ्या," परत येताना अक्का बसमध्ये म्हणाल्या आणि सबंध प्रवासभर हसत राहिल्या.

पण मनात घर करून राहिलं ते बेंगळुरूजवळचं आनेकल गाव. तिथे एका छोट्या कारखान्यात प्रेसवर काम करणारा नागराज म्हणून एकजण होता. कन्नडमध्ये गाणी रचायचा. त्याची गिटार साधी, पण तारांखाली त्याने काहीतरी बसवलं होतं आणि ते एका जुन्या रेडिओला जोडलं होतं. आवाज असा निघायचा की अंगावर काटा यावा. अक्का वाकून बघायला लागल्या. ते टेलिफोनच्या रिसीव्हरचं आतलं चुंबक आणि कॉइल होतं, भंगारातून घेतलेलं. त्याच्या पितळी कडेवर नापास मालावर मारायचा, तपासनिसाच्या नंबराचा ठसा होता. अक्कांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अय्यो, हा तर मीच नापास केलेला!"

नागराज घाबरला. त्याला वाटलं, आता ही बाई ते काढून नेणार. अक्कांनी त्याच्याशी कन्नडमध्ये काहीतरी बोलून त्याला शांत केलं. तो इतका लाजाळू, की आमच्याकडे तोंड करून त्याला गाता येईना. मग अक्का स्वतः त्याच्याकडे पाठ करून बसल्या, पाठीला पाठ लावून. त्याने शिफ्टच्या बसबद्दल एक गाणं म्हटलं. बसमध्ये सगळे झोपलेले आहेत आणि आपला थांबा आला तर कोण उठवणार, एवढंच त्यात होतं. मला कन्नड तेव्हा भाजी घेण्यापुरतं यायचं, तरी मला सगळं कळलं. अक्कांनी तिथेच चिठ्ठी लिहिली. परतीच्या वाटेवर मत्सर होताच, पण पहिल्यांदाच हेही कळलं होतं की 'बोलणं' म्हणजे त्या काय म्हणतात. कळलं आणि आपल्याला ते येत नाही हेही त्याच वेळी कळलं. त्यासारखं वाईट दुसरं काही नाही.

पुढची दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग सत्त्याण्णवच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी, शेडमध्ये एक नवा बँड वाजवत होता. अक्का टेबलापाशी बसून मान हलवत होत्या. बाहेर शिटी झाली. आम्ही सगळ्यांनी अक्कांच्या हाताकडे पाहिलं. हात वर गेला नाही. दुसरी शिटी झाली, पत्रे थरथरायला लागले, सबंध मालगाडी डबा डबा करत मागून निघून गेली, आणि अक्का मान हलवतच होत्या. बँड केव्हाच थांबला होता. त्यांना ते आमच्या तोंडाकडे बघून कळलं. त्यांनी टेप बंद केला, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चहा टाकते."

कारखान्यात त्यांना तपासणीवरून काढून कोठारात टेबल दिलं होतं, हे तेव्हा कळलं. चार महिने झाले होते. आम्हाला सांगितलं नव्हतं.

डिसेंबर जवळ आला तसं त्यांनी मला एकट्याला बोलावलं. "मला आता नुसती घरघर ऐकू येते. कॅसेट बंद करायची नाही. या वर्षी तू ऐक, मी विचारीन ते सांग."

"मीच का?"

"इतकी वर्षं नापास होऊन येत राहिलास. ज्याला चांगलं कळत नाही तो पहिल्याच वर्षी रागावून जातो."

ते तीन रविवार मी कधी विसरणार नाही. सकाळी पुढच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसायचो. त्या हेडफोन लावून आवाज पूर्ण वाढवायच्या, मी स्पीकरवर ऐकायचो, आणि त्या मोठ्याने विचारायच्या. श्वास कुठे घेतो? कुठे घाई होते? वाचतोय की बोलतोय? मी सांगायचो, हातवारे करून, कधी कागदावर लिहून. आयुष्यात इतकं लक्ष देऊन मी काही ऐकलं नव्हतं. दहा गाणी निवडली. त्यांनी माझ्या शब्दावर दहा चिठ्ठ्या लिहिल्या.

अकरावं गाणं माझं होतं, तेच दरवर्षी नापास होत आलेलं. अक्का डॉक्टरकडे गेल्या असताना मी ते शेडमध्ये रेकॉर्ड केलं होतं. मी ते लावलं. त्या नेहमीसारख्या डोळे बारीक करून बसल्या.

"कोण हे?"

"नवा बँड आहे. विजयनगरकडचा."

"वाचतोय की बोलतोय?"

"बोलतोय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, चिठ्ठी ओढली आणि लिहिलं, पास. खाली सही.

माणूस किती मूर्ख असावा त्याचा हा नमुना. ज्या चिठ्ठीसाठी जीव टाकला, ती हातात आली तर कुणाला दाखवायची सोय नाही, कारण तिच्यावर नाव दुसऱ्याच बँडचं आणि तो बँड जगात नाही. मी ती टेबलाच्या खणात कागदांखाली सरकवली. आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्या बाईला ऐकू येत नाही आणि जिने आपल्या कानांच्या जागी मला बसवलं, तिलाच मी फसवलं होतं. हे कळायला मला फार वेळ लागला नाही. के. आर. पुरमला जाणं कमी केलं. कामाचं निमित्त होतंच. फोन करण्याचा प्रश्न नव्हता, कारण आयुष्यभर फोन तपासलेल्या अक्कांना आता फोनवर काही ऐकू येत नव्हतं. मी रामरावांना विचारायचो, ते म्हणायचे, "बरी आहे. तू येत नाहीस म्हणून चिडलीय स्वल्प."

शेवटी गेलो तो दोन महिन्यांपूर्वी. एका रविवारी सकाळी उठलो आणि ठरवलं की आज सांगायचंच. अक्का शेडमध्ये वायरी गुंडाळत होत्या, खूप बारीक झाल्या होत्या. मला बघून फुलल्या. मी मनात वाक्यं जुळवून आणली होती, नीट, हळू आवाजात सांगायची म्हणून. पण अक्कांना हळू आवाजात काय सांगणार!

"अक्का, ते शेवटचं गाणं माझं होतं."

"काय?"

"गाणं! माझं होतं!"

"मोठ्याने बोल रे."

"मी तुम्हाला फसवलं!" मी ओरडलो. "तो बँड खोटा होता! गाणं माझं होतं! मी खोटं बोललो!" व्हरांड्यात रामरावांचा पेपर खाली आला. शेजारच्या बाई कंपाउंडपाशी येऊन उभ्या राहिल्या. कुणी आपल्या पापाची कबुली एवढ्या मोठ्याने दिली नसेल. माझे डोळे भरून आले होते आणि घसा बसला होता.

अक्कांनी वायरीचं वेटोळं खाली ठेवलं. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

"कसं?" मी पुन्हा ओरडलो.

"बाकीच्या दहा गाण्यांची नुसती घरघर. तुझं सुरू झालं, आणि शब्द न् शब्द ऐकू आला. माझे कान चांगले होते तेव्हा इतक्यांदा ऐकलंय ना मी ते. पहिली तार वाजली असेल-नसेल, पुढचं सगळं आपोआप आलं."

"म्हणून पास केलंत?"

"पास कुठलं? नापासच आहे ते. अजून वाचतोयस." त्या हसल्या. "पण त्या वर्षी मला सबंध ऐकू आलेलं तेवढं एकच गाणं. म्हटलं, कॅसेटवर एक तरी असू दे मी ऐकलेलं."

 त्यांनी स्टूल ओढून घेतलं, बसल्या, आणि समोरच्या कोपऱ्यातल्या गिटारकडे बोट केलं. "म्हण आता."

मी म्हटलं. बसलेल्या घशाने, सूर लागेल तसं, नेहमीपेक्षा घाईने. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि एक बोट गुडघ्यावर ताल धरत होतं. माझं गाणं संपलं. मी तारांवर हात ठेवला. त्यांचं बोट मात्र थांबलं नव्हतं. त्यांच्या कानातलं माझं गाणं अजून चालू होतं, कुठल्या साली म्हटलेलं कोण जाणे. ते संपेपर्यंत मी उभा राहिलो.